माफीची परतफेड

मिनाकुराच्या सरकारी वकिलांच्या कचेरीतला कारकून मुकाई योशिहारु याला आयुष्यात एकाच गोष्टीचा गर्व होता. त्याच्यासारखा 'मी' सबंध किनाऱ्यावर कोणाला लिहिता येत नसे. इथे आरोपीचा जबाब आरोपी लिहीत नाही, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आरोपी रडतो, अडखळतो, नाक पुसतो. मग सरकारी वकील त्यातलं कामाचं तेवढं वेचून तोंडी सांगतो, आणि शेजारच्या टेबलावरचा कारकून ते टाइप करतो, पण आरोपीच्या तोंडचं म्हणून. 'मी त्या संध्याकाळी निष्काळजीपणे वागलो, याची मला मनापासून लाज वाटते', वगैरे. ते आरोपीला वाचून दाखवायचं, त्याने खाली सही करून बोट उमटवायचं, की काम फत्ते. मुकाईने चोरांचा मी लिहिला होता, दारुड्यांचा लिहिला होता, आणि नवऱ्याच्या डोक्यात लोखंडी किटली घालणाऱ्या एका मास्तरणीचा मी तर असा काही गहिवरून लिहिला होता की ती ऐकता ऐकता म्हणाली, "अगबाई, मला असं वाटलं होतं होय?"

अशा सुखाच्या संसारात हिबिनो साए ही बाई सरकारी वकील म्हणून येऊन पडली.

ती राजधानीतून बदलून आली होती, आणि राजधानीतून मिनाकुराला कोणी हौसेने येत नाही. इथे मासे ताजे मिळतात, बाकी सगळं शिळं. तिचा गुन्हा असा, की वरिष्ठांचा शिक्का बसलेलं एक प्रकरण तिने 'हा माणूस निर्दोष दिसतो' म्हणून परत पाठवलं होतं. पुढे तो माणूस खरंच निर्दोष निघाला. तो दोषी निघाला असता तर वरिष्ठांनी तिला मोठ्या मनाने माफ केलं असतं.

बाईचं दुसरं म्हणजे ती कधी माफी मागत नसे. आपल्याकडे माणूस टेलिफोनवरसुद्धा कमरेत वाकतो, कोणी आपल्या पायावर पाय दिला तर आपणच आधी 'माफ करा' म्हणतो. ही बाई बैठकीला उशिरा यायची आणि सरळ खुर्ची ओढून बसायची. पहिल्याच आठवड्यात तिने जिन्यात मुकाईला धडक दिली, त्याच्या हातातला सगळा चहा त्याच्या शर्टावर सांडला, आणि ती म्हणाली, "गरम होता का?" मुकाई म्हणाला, "माफ करा, फार नव्हता." त्यावर ती "बरं" म्हणून निघून गेली. मुकाईने तो शर्ट धुतला, पण राग काही धुतला गेला नाही.

आणि आता तिच्यापुढे मासुनागा तोकुजीचं प्रकरण आलं होतं.

प्रकरण असं. तोगावा आळीत वसंतातल्या उत्सवाचा रथ जिथे ठेवतात ते रथघर हिवाळ्याच्या अखेरीस एका रात्री जळालं, आणि आत आजोबा-पणजोबांच्या वेळचा रथही जळाला. रथघराला लागून मासुनागाचं दुकान. हा साठीचा, एकटा, विधुर माणूस कोळशावर सेंबेई भाजायचा, म्हणजे त्या तांदळाच्या कुरकुरीत चकत्या. आग विझली, आणि उजाडताच मासुनागा काळा सूट चढवून, लाल घेवड्याच्या वड्यांचे खोके घेऊन आळीतल्या दारोदार गेला आणि 'तुम्हाला फार त्रास झाला' म्हणून प्रत्येक उंबऱ्यापुढे वाकला. पोलिसांना आणखी काय पाहिजे? ज्याने काही केलं नाही तो माफी कशाला मागेल, असं ठाण्याच्या साहेबांनी लिहून ठेवलं. स्वतः साहेब त्याच सकाळी पायात आलेल्या मांजराला 'माफ कर हं' म्हणून घराबाहेर पडले होते, पण ती गोष्ट निराळी.

विस्तवाचा धंदा करणाऱ्याने विस्तवात हयगय केली तर त्याला कायदा जास्त कडक लागतो. मासुनागाला कोठडीत ठेवलं, आणि त्याने काही दिवसांत सगळं कबूल केलं. आता तो कमरेला दोरी बांधून हिबिनोच्या खोलीत आला, आणि दोरी धरणाऱ्या शिपायाला म्हणाला, "तुम्हाला उगाच जिना चढायला लावला, माफ करा."

"मासुनागासान, आग कशी लागली?" हिबिनोने विचारलं.

"माझ्या निखाऱ्याने लागली असणार. माफ करा."

"असणार?"

"म्हणजे, लागली. नीट बोललो नाही, माफ करा."

"तुम्ही पाहिलंत?"

"नाही, मी झोपलो होतो. त्याबद्दलही..."

"माफी नको. निखारे विझवले होते का?"

"रोज विझवतो. मडक्यात घालतो, वर झाकण, झाकणावर दगड. त्या दिवशीही घातले होते."

"मग निखारा बाहेर कसा गेला?"

मासुनागा विचारात पडला. "तेच माझ्या लक्षात येत नाही बघा. पोलीससाहेबांनाही येत नव्हतं. मग आम्ही दोघांनी मिळून डोकं चालवलं. ते म्हणाले, दगड ठेवायला विसरला असाल. माझ्यासाठी दिवसभर खपत होते बिचारे, चहासुद्धा घेतला नव्हता. मग मी म्हटलं, विसरलो असेन."

मुकाईची बोटं तोवर कामाला लागली होती. 'मी त्या दिवशी झाकणावर दगड ठेवण्याचे विसरलो. माझ्या या निष्काळजीपणामुळे...'

"मुकाईसान, काय टाइप करताय?"

"यांचा जबाब."

"त्यांनी अजून दिला नाही."

"देतीलच की."

हिबिनोने हात पुढे करून त्याच्या यंत्राचं बटण बंद केलं. सबंध नोकरीत मुकाईच्या यंत्राला कोणी हात लावला नव्हता. त्याने फक्त खुर्ची अंमळ मागे सरकवली.

"मला एक सांगा," हिबिनो मासुनागाकडे वळली. "आग लागलेली तुम्ही पाहिली नाही, निखारे विझवले होते, मग माफी मागत दारोदार कशाला फिरलात?"

मासुनागाला प्रश्नच कळला नाही. त्याने मदतीसाठी मुकाईकडे बघितलं, आणि मुकाईला प्रथमच आरोपीची बाजू पटली, कारण प्रश्न खरोखरच खुळ्यासारखा होता.

"बंब आले, घंटा वाजल्या," मासुनागा हळूहळू समजावू लागला. "तान्ही पोरं जागी झाली. म्हातारी माणसं थंडीत रस्त्यावर उभी राहिली. आणि रथघराला चिकटून घर माझं. मग जायचं कोणी?"

"ज्याने आग लावली त्याने."

"तो कोण ते कुठे कळलं होतं? तोवर कोणीतरी जायला नको?"

हिबिनोने समोरची फाइल मिटली. मग मासुनागानेच घसा खाकरला. "बाई, एक विचारू का? रागावणार नसाल तर. खटला झाला तर मला शेगडी परत पेटवता येईल का? बापाने घातलेली शेगडी आहे. मला दुसरं काही येत नाही."

उत्तर मुकाईला ठाऊक होतं. या कचेरीतून कोर्टात गेलेला माणूस निर्दोष म्हणून परत आल्याचं त्याच्या आठवणीत नव्हतं. इथे तसा रिवाज नाही. आणि आग लावल्याचा डाग लागलेल्या माणसाला शेगडी कोणती आळी पेटवू देईल? तोगावा आळीने तर शेगडी बंद करा असा अर्ज आत्ताच देऊन ठेवला होता, अतिशय नम्र भाषेत. मुकाईला वाईट वाटलं. पण वाईट वाटणं त्याच्या कामात बसत नव्हतं, म्हणून त्याने दोरीवाल्या शिपायाला खूण केली.

कचेरीचे प्रमुख काजितानी साहेब यांच्या शिक्क्याशिवाय या इमारतीत कोणावर खटला होत नसे आणि कोणी सुटतही नसे. तो शिक्का रेशमी अस्तराच्या डबीत असायचा, आणि साहेबांची प्रकृतीही साधारण तशाच अस्तरात ठेवलेली होती.

"कबुली आहे?" साहेबांनी विचारलं.

"आहे," हिबिनो म्हणाली.

"पश्चात्ताप?"

"ओसंडून वाहतोय."

"आळीचं काही म्हणणं?"

"शेगडी बंद करा, एवढंच. बाकी सगळे समाधानी आहेत."

"मग हिबिनोसान, तुम्हाला आणखी काय पाहिजे?"

"काय झालं ते."

"ते कशाला?" साहेबांनी अगदी मनापासून विचारलं. "सगळ्यांचं समाधान झाल्यावर खरंखोटं करत बसायचं म्हणजे जेवणं झाल्यावर तांदूळ निवडायला घेण्यासारखं आहे. कोठडीची मुदत संपत आली. कागद तयार ठेवा." मग ते मुकाईकडे बघून गोड हसले. "मुकाईकुन, तुमच्या बढतीच्या परीक्षेची शिफारसही माझ्याच टेबलावर आहे बरं का. दोन्ही शिक्के एकदमच मारून टाकू."

बाहेर आल्यावर मुकाई म्हणाला, "मग टाइप करायला घेऊ?"

"कोट घ्या," हिबिनो म्हणाली. "तोगावा आळीत जायचंय."

आरोपीचा निकाल लागायच्या आत सरकारी वकिलाने स्वतः दारोदार फिरायचं, तेही पायी, म्हणजे पोलिसांच्या तोंडावर अविश्वास दाखवण्यासारखं. मुकाई वाटभर मान खाली घालून चालला. हिबिनो प्रत्येक घरात एकच प्रश्न विचारायची, "वड्यांचं काय केलंत?" लोक चक्रावून सांगायचे. कोणी देवघरात पूर्वजांपुढे ठेवून मग खाल्ल्या होत्या. कोणी सुनेच्या माहेरी धाडल्या होत्या. न्हाव्याच्या बायकोने 'नको, नको, नको' असं रीतसर म्हणून मग घेतल्या होत्या, आणि वर 'जरा जास्तच गोड होत्या' असंही सांगितलं. मुकाई प्रत्येक दारात बाईच्या पाठीमागे उभा राहून तिच्या वाटच्या माफ्या मागत होता.

शेवटी ती दोघं मासुनागाच्या दुकानात आली. त्याची थोरली बहीण इकु गावाहून दुकान सांभाळायला आली होती. सांभाळायला होतं काय? शेगडी गार, राख सारखी केलेली, जाळी धुऊन उलटी ठेवलेली. इकुबाईने पाहुण्यांना बसवलं, भावाच्या वतीने माफी मागितली, स्वतःच्या वतीने मागितली, आणि चहा दिला.

मुकाईने एक घोट घेतला आणि त्याच्या भुवया वर गेल्या. सेंबेई भाजणाऱ्याच्या घरात असला चहा?

"सुगिउरा वहिनींनी पाठवलाय," इकुबाई म्हणाल्या. "तोकुजीने वड्या दिल्या ना, त्याची परतफेड. बघा, आमच्यासारख्यांनाही विसरत नाहीत."

सुगिउरा तामोत्सु म्हणजे आळीच्या उत्सव मंडळाचे अध्यक्ष. त्यांची बायको तोमोए आळीतल्या मुलींना शिष्टाचार शिकवायची. कसं बसायचं, कसं उठायचं, पाहुण्यापुढे पेला कोणत्या बाजूने फिरवायचा, ते सगळं. मुकाईने समाधानाने मान हलवली. "वा. रीत म्हणजे रीत, सुगिउरांच्या घरची."

"परतफेड म्हणजे काय?" हिबिनोने विचारलं.

मुकाईने डोळे मिटले. "हिबिनोसान, कोणी भेट दिली की साधारण निम्म्या किमतीचं काहीतरी त्याला परत पाठवायचं असतं. हे बालवाडीत शिकवतात."

"मग बाकीच्या घरांनी काय पाठवलं?"

"बाकीचे कशाला पाठवतील? ती भेट थोडीच होती, माफी होती."

"माफीला परत काही द्यायचं नसतं?"

"नाही हो. चूक त्याची, म्हणून खोका त्याचा. आपण घ्यायचा, 'कशाला त्रास घेतलात' म्हणायचं आणि खायचा. तिथेच फिटलं. परत पाठवलं तर त्याचा अर्थ असा होईल, की..."

मुकाई थांबला. पेला हातातच राहिला.

"काय अर्थ होईल?"

त्याला 'काही नाही' म्हणता आलं असतं. या बाईला रीतिभाती कळत नव्हत्या, तिला 'बायकांची जुनी पद्धत' म्हणून सांगितलं असतं तरी ती पुढच्या घरी गेली असती. काजितानी साहेबांच्या टेबलावरची शिफारस त्याला डोळ्यांपुढे दिसत होती. आणि समोर इकुबाई त्या गार शेगडीची कड फडक्याने पुसत होत्या, पुन्हा पुन्हा, जिथे एक कणही नव्हता. मुकाईला ते बघवेना. त्याला संताप आला, आणि कोणाचा ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

"त्याचा अर्थ असा होईल," तो म्हणाला, "की तुम्ही माझं काही देणं लागत नव्हतात. तरी दिलंत. म्हणून मी फेडतेय."

इकुबाईंचं फडकं थांबलं.

सुगिउरांच्या घरी तोमोएबाईंनी त्यांना आतल्या खोलीत बसवलं. बाई पन्नाशीची, किमोनोला एक चुणी नाही, पाठ ताठ. तिने चहा ठेवला, पेला फिरवला, सगळं जिथल्या तिथे. हिबिनोने पेला उचलून कसाही प्यायला आणि विचारलं, "मासुनागांना चहाचा डबा का पाठवलात?"

तोमोएबाईंनी चहाचा ट्रे बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "कळलं का तुम्हाला? मला वाटलं होतं, कोणाच्याही लक्षात येणार नाही. आणि न पाठवताही राहवलं नाही. ज्यावर आपला हक्क नाही ते घरात कसं ठेवायचं?" त्यांनी मुकाईकडे पाहिलं. हा माणूस समजून घेईल, असं त्यांना वाटलं असावं. "त्या रात्री रथघरात ढोल-बासरीचा सराव होता. थंडी होती म्हणून यांनी रॉकेलची शेगडी नेली होती. सगळे गेल्यावर हे एकटेच मागे थांबून थोडी प्यायले आणि शेगडी तशीच ठेवून घरी आले. बंब आले तेव्हा यांनाच आधी ती शेगडी आठवली."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगणारच होते हो. उजाडताच सूट घातला, टाय बांधला, सगळ्यांची माफी मागायला म्हणून दार उघडलं, तर उंबऱ्यापुढे मासुनागासान वाकलेले." तोमोएबाईंनी दाराच्या दिशेने बोट दाखवलं. "अगदी खाली वाकले होते. हातात खोका. आता वाकलेल्या माणसाला 'अहो, आग मी लावली' असं कसं म्हणायचं? त्याचा किती अवमान. हे म्हणाले, आज राहू दे, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी मासुनागासानना नेलं. मग पोलिसांचा अवमान झाला असता."

मागचं सरकतं दार उघडलं. सुगिउरा अध्यक्ष उभे होते, सूट घालून, टाय बांधून. आगीपासून ते रोज सकाळी तसेच तयार होऊन बसत असत आणि रोज काही ना काही आडवं येत असे. ते खाली बसले आणि कपाळ जमिनीला टेकवलं.

"तुम्ही मला वाकून काय उपयोग," हिबिनो म्हणाली. "कचेरीत चला."

काजितानी साहेबांना हा प्रकार एवढा आवडला की विचारू नका. अध्यक्षांसारखा प्रतिष्ठित माणूस आपल्या पायाने येतो, अश्रू ढाळतो, एवढा पश्चात्ताप तर त्यांनी पुस्तकातही वाचला नव्हता. 'केवढं मोठं मन' असं ते तीनदा म्हणाले. उत्सवाचं काम म्हणजे काही धंदा नव्हे, म्हणून अध्यक्षांना साधा कायदा लागला. कोर्टाची पायरी न चढता नुसता दंड भरायचा, तोही सवडीने. मासुनागाचं मोठं मन मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही. त्याच्या सुटकेच्या कागदावर साहेबांनी शिक्का जरा तिरकाच मारला, आणि मुकाईची शिफारस डबीखाली सरकवून ठेवली.

पण खरा घोळ घातला तो मासुनागाने. खोलीत आणून त्याला सगळं सांगितलं, तर त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"नको," तो म्हणाला.

"काय नको?"

"मी विसरलो होतो दगड ठेवायला. तसंच लिहा. मुकाईसानने लिहिलं होतं ना, चांगलं लिहिलं होतं."

"मासुनागासान, तुम्ही काही केलेलं नाही."

"मला ठाऊक आहे ते," तो एकदम मोठ्याने बोलला, आणि स्वतःच दचकला. "माझं मडकं, माझं झाकण, मला ठाऊक नाही? पण मी सुटलो म्हणजे अध्यक्ष अडकले. मंडळाचं नाव गेलं. आळी माझ्याकडे कोणत्या तोंडाने बघणार, आणि मी आळीकडे कोणत्या? तुमची वसंतात बदली होईल, बाई. मी कुठे जाणार? मला तिथेच शेगडी पेटवायची आहे."

"खटला झाला असता तर पेटवताच आली नसती."

"आणि आता पेटवून खाणार कोण?"

हिबिनोने मुकाईला लिहायला सांगितलं, अगदी एक ओळ. 'मी आग लावली नाही.' मुकाईने लिहिलं. एवढा कोरडा मी त्याने जन्मात लिहिला नव्हता. मासुनागाने सही करायला नकार दिला. पण सुटायला आरोपीची संमती लागत नाही, ही आपल्या कायद्यात एक मोठीच उणीव राहून गेलेली आहे. त्याची दोरी सोडली, त्याला त्याच्या वस्तू दिल्या आणि दार दाखवलं.

"त्याला विचारायला हवं होतं," मुकाई नंतर म्हणाला. आपण वरिष्ठाला बोलतोय हे त्याला बोलून झाल्यावर कळलं.

"काय विचारायचं? खोटं चालेल का म्हणून?"

"आता त्याचं पुढे काय?"

"ते मला माहीत नाही," हिबिनो म्हणाली. तिच्या तोंडून असलं वाक्य मुकाईने प्रथमच ऐकलं, आणि तिच्यावरचा त्याचा राग त्या दिवशी बराचसा उतरला.

वसंतात हिबिनोची बदली झाली, दूरच्या एका बेटावर. तिथे गुन्हे फारसे होत नाहीत म्हणून तिची नेमणूक मुद्दाम केली, असं काजितानी साहेबांनी निरोपाच्या भाषणात सांगितलं.

तोगावा आळीचा उत्सव त्यानंतर थोड्याच दिवसांनी आला. मुकाई सुट्टी काढून गेला. रथ शेजारच्या आळीकडून मागून आणला होता, आणि रथापुढे निळा अंगरखा घालून, हातात पंखा घेऊन कोण उभं होतं? सुगिउरा अध्यक्ष. त्यांनी मंडळाच्या सभेत सगळ्यांपुढे डोकं टेकवलं होतं, रडले होते, राजीनामा दिला होता. सभाही रडली होती, आणि टाळ्यांच्या गजरात त्यांना पुन्हा निवडून दिलं होतं. पूर्वी कधी नव्हते इतके ते आता आळीला हवेसे झाले होते.

मासुनागाला या वर्षी उत्सवाचं कुठलंच काम नव्हतं. दरवर्षी तो दोर ओढणाऱ्यांत पुढे असायचा. 'एवढ्या त्रासातून गेलेत, विश्रांती घेऊ देत' असं मंडळाने काळजीपोटी ठरवलं होतं.

"दुकानात तरी जाता ना त्यांच्या?" मुकाईने न्हाव्याच्या बायकोला विचारलं.

ती अवघडली. "कसं जायचं, तुम्हीच सांगा. अध्यक्ष वाकले, आम्ही माफ केलं, विषय संपला. मासुनागासानचं काय करायचं? त्यांनी तर काही केलंच नाही. मग माफ तरी कशाबद्दल करणार? आम्ही त्यांच्या माघारी काय काय बोललो, शेगडी बंद करा म्हणून अर्जावर सह्या केल्या, वड्या खाल्ल्या वर. आता त्यांच्यापुढे उभं राहून सेंबेई मागायच्या?" तिने मान हलवली. "त्यांनाच अवघड वाटेल. म्हणून आम्ही कोणी जात नाही. त्यांच्यासाठीच."

मुकाईला तिथल्या तिथे काहीतरी फोडावंसं वाटलं. फोडण्याजोगं काही जवळ नव्हतं, आणि त्याला फोडायची सवयही नव्हती. तो तरातरा मासुनागाच्या दुकानापुढे गेला.

शेगडी पेटलेली होती. मासुनागा एकटाच बसून चिमट्याने चकत्या उलटत होता. बाजूच्या बरण्या गच्च भरलेल्या होत्या. समोरून ढोल वाजवत मिरवणूक चालली होती, आणि दुकानापाशी आली की सगळ्यांना दुसऱ्या बाजूचं काहीतरी बघायचं असायचं.

"पिशवीभर द्या," मुकाई म्हणाला. "दोन पिशव्या."

"एवढ्या कशाला घेताय, शिळ्या होतील." मासुनागाने एकच पिशवी भरली. "गावाला ये म्हणतेय बहीण. कदाचित जाईन."

"तुम्ही रोज भाजता?"

"रोज. निखारे फुकट घालवायचे का?" तो शेगडीकडेच बघत होता. "कोठडीत मला वाटायचं, शेगडी परत पेटली की झालं, दुसरं काही नको. आता पेटली आहे. आणि मला रोज सकाळी ती पेटवताना रडू येतं."

तो हे इतक्या साध्या आवाजात बोलला की मुकाईला काय करावं ते सुचेना. तो पैसे मोजायच्या निमित्ताने खाली बघू लागला.

तेवढ्यात मिरवणुकीतून कोणीतरी बाहेर पडून रस्ता ओलांडून सरळ दुकानाकडे आलं. तोमोएबाई होत्या. उत्सवाचा किमोनो, ताठ पाठ. मागे ढोल एक-दोन ठोके चुकले.

"एक गरम द्या," त्या म्हणाल्या.

मासुनागाने जाळीवरची एक चकती कागदात धरून दिली. तोमोएबाईंनी ती घरी नेली नाही, बाहीआड केली नाही. आळीतल्या मुलींना रस्त्यात उभं राहून खाल्लं म्हणून आयुष्यभर टाकून बोलणारी ती बाई भर रस्त्यात, सगळ्या मंडळापुढे, नवऱ्यापुढे, उभ्याने ती चकती खाऊ लागली. कडाम् असा आवाज आला. अध्यक्षांचा पंखा हवेत थांबला.

"मासुनागासान," त्या मोठ्याने म्हणाल्या, तोंडात घास असतानाच, "आग आमच्या घराने लावली. तुम्ही माफी मागितलीत तेव्हा मी दारात उभी होते. मला ठाऊक होतं, आणि मी ती घेतली."

मिरवणूक थांबली होती. न्हाव्याची बायको पायांकडे बघत होती. दुकानाकडे मात्र दुसरं कोणी आलं नाही.

मासुनागाचे ओठ सवयीने उघडले. मुकाईला पुढचे दोन शब्द पाठ होते.

"ते नको," तोमोएबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हनुवटीला चुरा लागला होता, आणि दोन्ही त्या पुसत नव्हत्या. "आणखी एक द्या."

मासुनागाने तोंड मिटलं आणि जाळीवरची दुसरी उलटली.